मागून येणारी हाक

क्रेडिट कार्डाचं बिल टेबलावर पसरून शिलाईकाकू त्याच्याकडे कधी चष्म्यातून, तर कधी चष्म्यावरून बघत होत्या. कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉकचं मशीन कार्डावर घेतलं त्याला आठ महिने झाले. दर महिन्याला पैसे भरूनही मूळ रक्कम जागची हलली नव्हती. महिना साडेतीन टक्के व्याज सगळं गिळायचं आणि ढेकरही द्यायचं नाही. दर उतरला नाही तर मशीन विकायचं, असं काल नवराबायकोचं ठरलं होतं. ठरवून झाल्यावर दोघंही मशीनकडे पाठ करून जेवले होते.

"फोन करून कमी करून घे की, वहिनी," नणंदबाईंनी सल्ला दिला. दुकानदाराने सांगितलेल्या भावाने त्यांनी जन्मात काही विकत घेतलं नव्हतं. "नाही पटलं तर सरळ चालू लागायचं. चार पावलांत मागून हाक येते. नाही आली तर नाव बदलीन."

काकूंनी फोन लावला. एक दाबा, चार दाबा, असं करत आणि वीस मिनिटं तीच ती धून ऐकत त्या एका गोड आवाजाच्या मुलीपर्यंत पोचल्या. एकही तारीख चुकवली नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं, वर मशीनचा टाका कसा मोत्यासारखा पडतो तेही सांगितलं. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियमात बसत नाही म्हणाली.

"मग राहू दे तुमचं कार्ड तुमच्यापाशीच. चालले मी," म्हणून काकूंनी फोन ठेवला आणि हाकेची वाट बघत बसल्या.

पाच मिनिटांनी फोन वाजला. हाक आली का, हे विचारायला नणंदबाईंचाच होता. त्यांना घाईघाईने वाटेला लावलं, तोच कंपनीचा मेसेज आला. कार्ड बंद करण्याची आपली विनंती नोंदवली आहे, पूर्ण बाकी महिन्याभरात एकरकमी भरावी.

एकदम एवढे पैसे काकू आणणार कुठून? त्यांनी परत फोन लावला, पण तिकडे सगळे कामात. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका पायघोळ झगा घालूनच दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ होता आणि झगा चार बोटं लांब झाला होता.

बाई स्टुलावर चढल्या. काकू खाली बसल्या, ओठांत नऊ टाचण्या धरल्या आणि घेर दुमडायला लागल्या. चार टाचण्या लागल्या आणि फोन वाजला. काकूंचे दोन्ही हात घेरात अडकलेले. बाईंनीच वाकून फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"मॅडम, कार्ड बंद करताय असं कळलं," पलीकडून एक साहेब बोलले. "आपण तीन टक्के करू या."

नका हो बंद करू, असं काकूंना कळवळून सांगायचं होतं. पण ओठांत पाच टाचण्या.

"हं," काकू म्हणाल्या.

साहेब जरा थांबले. "नाराज आहात, समजतंय मला. अडीच?"

"हं..." काकूंनी घाईने आणखी दोन टाचण्या लावल्या.

साहेबांनी वरच्या साहेबांना विचारून येतो म्हणून धून लावली. ते परतले तेव्हा आवाज पार मऊ झाला होता. "पावणेदोन, मॅडम. याच्या खाली माझ्या हातात नाही."

शेवटची टाचणी कापडात गेली. "चालेल," काकू म्हणाल्या. "आणि कार्ड राहू द्या चालू."

फोन बंद झाल्यावर काकूंनी कालपासून पहिल्यांदाच मशीनकडे सरळ पाहिलं. मग उठून त्यांनी त्यावर झग्याचा घेर शिवून दिला, टाका खरोखरच मोत्यासारखा पडला. बाईंनी आरशात पुढून मागून बघून किती झाले विचारलं.

"चारशे," काकू म्हणाल्या.

बाई आरशातच बघत राहिल्या. "हं."

काकूंनी घेराचा एक सुटा दोरा तोडला.

"बरं, साडेतीनशे द्या."

"हं..."

काकूंनी एक उसासा सोडला. "तीनशे, बाई. याच्या खाली माझ्या हातात नाही."