गोंदातात्याचा गूळपुडा

गोंदातात्या गाड्यांची लगनं लावायचा. माणसांची नव्हं, गाड्यांची. एका गावच्या गाड्या, दुसऱ्या गावची गुऱ्हाळं आणि मधे हा बाबा पटका सावरत उभा. सौदा हा शब्द ऐकला की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "सौदा बैलाचा करत्यात. माणसामाणसात सोयरीक हुती," म्हणायचा.

महाराज नुकते गादीवर आले होते आणि शाहूपुरीत गुळाची पेठ नवी बसत होती. आमच्या गावात ऊस रग्गड, गुऱ्हाळं रग्गड, पण गाडी एखादीच. त्यामुळं आधी कुणाचा गूळ पेठेला जाणार ह्यावरून रोज डोकीफोड. ओढ्यापल्याडच्या गावात गाडीवानांचा जथा होता, महंमदचाचा त्यांचा म्होरक्या. त्यांचं रडगाणं उलटं. आज भाडं मिळालं तर उद्या बैल गोठ्यात बसून. दोन्ही गावांना एकमेकांची गरज आणि दोन्ही गावं एकमेकांच्या नावानं बोटं मोडण्यात दंग. तिथं तात्या शिरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याचा ऊस नव्हता, गाडी नव्हती, घरात बायको नव्हती. होती ती नुसती हौस.

पहिल्याच दिवशी त्यानं आम्हा गुऱ्हाळवाल्यांना एका ओळीत बसवलं. "तुमी पोरीकडचं. गूळ ही पोरगी. तिला नांदायला धाडायची हाय. तवा जरा नरमाईनं बोला. शिरपा, तू तर बोलूच नगंस."

शिरपा म्हणजे मी. माझ्या तोंडाला सारा गाव भ्यायचा.

मग गाडीवान 'बघायला' आले. तात्यानं त्यांच्यापुढं भाकरी नि गरम काकवी ठेवली. महंमदचाचानं गुळाचा खडा उन्हात धरून बघितला.

"रंग बरा हाय. पण पाणी सुटतंय का?"

"सुटलंच तर लाजंनं सुटंल की," तात्या म्हणाला. "तुमचं सांगा. पोरगं पीत-बीत न्हाय न्हवं?"

"कुठलं पोरगं?"

"गाडी वो! वंगण किती पिती?"

चाचाला हसता हसता ठसका लागला. त्या हसण्यातच सगळं ठरलं. गुऱ्हाळांनी पाळीपाळीनं गाड्या भरायच्या. एकाचा बैल आजारी पडला तर दुसऱ्यानं आपला जुंपायचा. तात्यानं गुळाचा खडा फडक्यात बांधून चाचाच्या हातात दिला. "साखरपुडा मोठ्या लोकांचा. आपला गूळपुडा."

पुढं पुढं त्याला चटकच लागली. रस आटवायच्या काहिली करणारे लोहार आणून जोडले, ते 'मामाकडचं'. पेठेतला अडत्या म्हणजे 'भटजी'. का, तर दोन्हीकडनं दक्षिणा घेतो. आणि रोज उठून हा ह्या गावातनं त्या गावात पायी. कुठं कुणाचं नाक वर झालंय, कोण कुणाला बघून थुंकलंय, त्याला आधी कळायचं. "सोयरा रुसला की सांगावा धाडायचा न्हाय," म्हणायचा, "आपल्या पायानं जायचं."

एका वर्षी ऐन गुऱ्हाळात अवकाळी पाऊस पडला. ओढ्याला चिखल झाला, गाड्या आल्या नाहीत, आणि माझ्या ढेपांना घाम फुटला. गाड्या आल्या तेव्हा मी चाचाच्या अंगावरच गेलो. तो म्हणाला, तुमी झाकून ठिवाय पायजे हुतं. मी म्हणालो, तुमी येळंवर याय पायजे हुतं. तिथनं आम्ही एकमेकांच्या बापापर्यंत पोचलो. शेवटी मी ओरडलो, "तुटली सोयरीक!"

"तुटली!" चाचा म्हणाला.

गाड्या रिकाम्या परतल्या असत्या तर साऱ्या गावचा गूळ घरात पाझरला असता आणि त्यांचे बैल हंगामभर बसून राहिले असते. आम्हा दोघांनाही ते कळत होतं. पण मागं कोण सरणार?

तात्याचं तोंड पांढरं पडलं. मग म्हणाला, "तोडा की. पण रीतीनं तोडा. काडीमोड करा."

आमच्यात नवराबायकोचं फाटलं की पंचांसमोर काडी मोडतात आणि मोकळे होतात. तात्यानं इकडंतिकडं बघितलं. काडी शोधत कोण बसतो? त्यानं ढिगातला ऊसच उपसला नि माझ्या हातात दिला. "हं. मोड."

मी रागारागानं ऊस गुडघ्यावर घेतला नि काडकन मोडला. आणि हात आपला सवयीनं पुढं गेला. गुऱ्हाळावर ऊस मोडला की अर्धा समोरच्याला द्यायचा, जन्माची सवय. चाचानंही सवयीनं घेतला आणि दातानं सोलायला लागला.

"अरं, ह्येला काडीमोड म्हंत्यात व्हय!" तात्या नाचायलाच लागला. "पोरीकडच्यांनी दिलं, पोराकडच्यांनी खाल्लं! ही तर पुन्यांदा सुपारी फुटली!"

सगळ्यात आधी हसली ती माझी बायको पारू, चुलाण्याच्या आडून. मग चाचा. मग मी, काय करतो. संध्याकाळच्या आत गाड्या भरून गेल्या.

सगळे पांगल्यावर पारूनं तात्याला गूळपाणी दिलं. "समद्यांच्या सोयरिकी जुळिवता, तुमची का न्हाय जुळवली?"

"पारूक्का, बैठकीला दोन बाजू लागत्यात. माझ्या बाजूला बसाय माणूसच न्हवतं. पटकीच्या साथीत समदी गेली."

पारू सीमेकडची, कानडी मुलखातली. तिचंही माहेर पटकीनंच पुसलं होतं. ती म्हणाली, "मग मी बसती की तुमच्या बाजूला."

तात्या भांडं तोंडाला लावून बसला. त्यात पाणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात पारू गेली. तिला पोचवून आलो तर चूल थंडगार. गाव आलं, गाडीवान आले, म्हाताऱ्या चाचाला त्याच्या नातवानं धरून आणलं. घरच्याला पहिला कडू घास सोयऱ्यांनी भरवायचा, तो बाईच्या माहेरच्यांचा मान. तिच्या माहेरचं होतं कोण? सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली.

तेवढ्यात दारात तात्या. कमरेत पार वाकलेला, हातात फडकं. आत भाकरी, एका अंगानं करपलेली. उभ्या जन्मात त्यानं बहुतेक कुणासाठी थापलेली पहिलीच.

"कुठल्या बाजूचं वो तुमी?" कुणीतरी नवख्यानं विचारलं.

"पोरीकडचा," तात्या म्हणाला, आणि माझ्यासमोर बसला.

त्याचे उपकार मानायला मी तोंड उघडलं. त्यानं त्यातच घास घातला.