उजेडाचं चक्र आणि कुकरची रिंग

"बाई, उजेडाच्या अंगात जोर असतो का?"

हा प्रश्न माझा नव्हता. विज्ञानाच्या तासाला तो मी विचारून दाखवायचाच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. वर्ग खिदळला, बाई मात्र हसल्या नाहीत. हवा काढलेल्या काचेच्या भांड्यात नुसत्या उजेडाने फिरणारं चक्र असतं, म्हणाल्या. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की तसलं चक्र मी घरी बनवते! बनलं तर सोमवारी सगळ्या शाळेसमोर तूच मांड, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरी देतानाही लाजत होते. त्यामुळे हा मान मला हवाच होता.

चक्र सोपं निघालं. चंदेरी कागदाचे चार चौकोन, प्रत्येकाच्या एका बाजूला मेणबत्तीची काजळी, मधोमध टिचबटण, ते सुईच्या टोकावर आणि वर काचेची बरणी उपडी. खरी अडचण हवेची. बाबा फ्रिज दुरुस्त करतात. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा ओढून घ्यायचा त्यांचा पंप मी मागितला.

"घे. पण बरणीच्या आधी डोक्यातली काढ," बाबा म्हणाले.

हवा म्हणजे चिवट पाहुणा. पंपाने बाहेर काढावी, तर बरणीच्या काठाखालून परत आत. मग मी कुकरच्या झाकणातली रबरी रिंग काढली, तिला ग्रीस फासलं आणि बरणीखाली बसवली. तिकडे स्वयंपाकघरात कुकर शिट्टी न देता नुसते सुस्कारे टाकू लागला. आदल्या दिवशी बाबांनी त्याची शिट्टी साफ केली होती, म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फुटलं. ते बिचारे शिट्टी पुन्हा उघडून बसले. मी रिंगला आणखी ग्रीस फासलं.

तेवढ्यात खिडकीतल्या उन्हात चक्र फिरलं! आई-बाबा धावत आले. बरणीखालची रिंग आईला दिसली, पण ती रागवायचंच विसरली. बाबांनी लगेच आत्याला फोन लावला. आत्याला ऐकू आलं, की पोरीने उन्हावर चालणारा पंखा काढलाय. किती खोल्यांना पुरेल, असं तिने विचारलं.

डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून आईने पडदा ओढला.

चक्र फिरतच राहिलं.

मी बरणीवर चादर टाकली आणि खालून वाकून पाहिलं. फिरतंय. टेबलावर हात ठेवला, तर पंपामुळे अख्खं टेबल थरथरत होतं. पंप बंद केला, चादर काढली, पडदा उघडला. ऊन होतं तसंच होतं. चक्र मात्र ढिम्म.

बाबा हळूच म्हणाले, "सोमवारी पंप चालू ठेव आणि पडदा उघडा. कुणाला कळणार आहे?"

मी चक्राकडे बघत बसले. खोटं कशाला बोलू, मोह झाला. अख्खी शाळा टाळ्या वाजवतेय, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. पण त्या टाळ्या टेबलाला पडणार आणि वाकून नमस्कार मी करणार, हे काही केल्या पटेना.

"सोमवारी मी हे मांडणार," मी आई-बाबांना सांगितलं. "पंप चालू ठेवून पडदा मीच ओढणार. आणि चक्र फिरत राहिलं, की सगळ्यांना सांगणार, हे उजेडाचं काम नाही, टेबलाचं आहे."