कृत्तिकेचं बारसं

सुखदाच्या पाठीवर धपाटे घालायला बायका हात उगारून उभ्या होत्या, आणि सुखदा पाळण्यात वाकून भाचीच्या कानात नाव सांगणारच होती. तेवढ्यात मुरलीधरकाकांनी भिंतीवरची थर्माकोलची सोनेरी अक्षरं मोठ्यानं वाचली. "कृत्तिका! वा!"

अकरावीतल्या सुखदाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवायचा पूर्ण हक्क मिळाला होता. आत्याचा हक्क! महिनाभर शोधून तिनं हे नाव काढलं होतं, तेही काकांनीच गच्चीवरून दाखवलेल्या ताऱ्यांचं. काका म्हणजे कमाल माणूस. नोकरी तोफांच्या कारखान्यात केली, पण नजर कायम वर. कुठलाही शब्द द्या, काका तो सोलत सोलत थेट आकाशात नेऊन टांगत.

"कृत् म्हणजे कापणं," काका रंगात आले. "म्हणून कृत्तिकांची खूण वस्तरा. आणि या कोण? ऋषींच्या बायका. नवऱ्यांनी संशय घेऊन टाकलेल्या!"

विनतावहिनीच्या आई, प्रसूतिगृहातल्या निवृत्त नर्स इंदूताई, यांचा उगारलेला हात खाली आला. "टाकलेल्या? काहून जी, माझ्या नातीले हेच नाव सापडलं?"

"आई, गोष्ट आहे ती," वहिनी म्हणाली.

"अन् वस्तरा?"

बाळाच्या बापानं, अजिंक्यदादानं, घाईघाईनं अक्षरं उपटली. सोबत भिंतीचा रंगही आला. "चलो, रोहिणी ठेवून टाकू!"

"उत्तम! रोहिणी, चंद्राची लाडकी. बाकीच्या बायका रडत माहेरी गेल्या, सासऱ्यानं शाप दिला आणि चंद्राला क्षय झाला."

"म्हंजे जावई आजारी!" इंदूताई किंचाळल्या.

"मग चित्रा?" वहिनीनं भीतभीत विचारलं.

"चित्रेचा देव त्वष्टा. त्याच्या लेकीला नवऱ्याचं, म्हणजे सूर्याचं, तेज सोसेना. घरात सावली ठेवून पळाली!"

बाळ जागं होऊन रडायला लागलं. घुगऱ्या गारठल्या. शेजारच्या भाभी कळवळल्या, "नाम रखा कि नहीं? मेरा हाथ दुख रहा है, बिटिया!" सुखदा मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होती. काय भारी सांगतात काका!

"हे पोरीचं काम नव्हे," इंदूताई पाळण्याकडे सरसावल्या. "मीच सांगते नाव. पिंकी!"

पिंकी! सुखदा पाळण्यासमोर आडवी उभी राहिली.

"काका, तुम्ही अर्धंच सांगून राहिले! कृत् म्हणजे कापणं, पण काय कापणं? नाळ! कृत्तिका म्हणजे आकाशातल्या सुइणी. म्हणून तर कार्तिकेय जन्मला तेव्हा याच धावत आल्या, यांनीच त्याला पाजलं. वस्तरा कसला, सुईणीचं हत्यार आहे ते!"

काकांनी चष्मा काढला.

"सुईण?" इंदूताईंचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हंजे वरती आमचीच ड्यूटी चालू आहे म्हणा की! ठेव बाई, तेच ठेव!"

सुखदानं नाव कानात सांगितलं, आणि इतका वेळ तुंबलेले सगळे धपाटे एकदम तिच्या पाठीवर कोसळले.

पाठ चोळत ती बाहेर आली, तर काका दारातच उभे. "हे कुठं वाचलंस गं? मला कसं सापडलं नाही?"

"कुठंच नाही," सुखदानं मान खाली घातली. "आत्ता सुचलं."

काकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आपल्या वाटचा पेढा तिच्या हातावर ठेवला.

"मलाही बरंचसं असंच सुचतं," ते कुजबुजले. "फक्त उभं राहून सांगायचं. बसून सांगितलं की लोक शंका काढतात."