खोल पाण्यातले व्याही

व्याह्यांना तलावात फिरवायचं ठरलं तेव्हा गुणवंतरावांच्या बायकोनं, गुणाबाईंनी, एकच विचारलं, "जेवण जमिनीवर होईल का पाण्यात?"

"पाण्यात," गुणवंतराव म्हणाले. "शिडाच्या बोटीत बसून मटनभात. सिंदेवाहीत असं कोणाले भेटते?"

गुणवंतराव भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी मीटर दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवाला जातात, नातवंडं खेळवतात. यांनी नागपूरच्या एका बंद पडलेल्या क्लबाची जुनी शिडाची बोट आणली आणि गावाबाहेरच्या तलावात सोडली. खरा जीव मात्र बोटीपेक्षा तिच्यावरच्या दोन मीटरांवर. एक पाण्याची खोली सांगणारं, दुसरं बोटीचा वेग. दोन्ही इतकी जुनी, की त्यांचे सुटे भागसुद्धा कुठे मिळत नव्हते. गुणवंतरावांनी ती उघडली, तुटक्या तारांना कथलाचे डाग दिले, एका मोडक्या रेडिओचे भाग आत बसवले आणि ती चालू केली. निदान काटे तरी हलायला लागले.

ती चालू असणं फार गरजेचं होतं. लेकीच्या, दिव्यानीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात माईक बंद पडला होता आणि व्याही नानाजी मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले होते, "इवाई मीटर दुरुस्त करते म्हने!" गुणवंतरावांच्या मनातून ते वाक्य अजून गेलं नव्हतं.

थंडीतली दुपार होती. धानाला पाणी देऊन देऊन तलाव बराच उतरला होता, पण मधोमध बघितलं तर पाणी पाणीच दिसत होतं. बोटीत चौघं बसली. नानाजी, त्यांची बायको चंदाबाई, गुणाबाई आणि सुकाणूपाशी गुणवंतराव. मध्ये मटणाचा मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, झाकण दोरीनं बांधलेलं. वारा चांगला होता. शीड फुगलं, बोट सरसर निघाली.

"इवाईबुवा, किती खोल असन जी इथी?" नानाजींनी विचारलं.

याच प्रश्नासाठी गुणवंतरावांनी हा सगळा घाट घातला होता. "अंदाज कायले? हे पाहा. तीस फूट."

नानाजींनी बोटीची कड धरली. पुढं जराशानं ते म्हणाले, "थांबली का जी बोट?"

"नाई. चालून राह्यली. वेगाचा काटा पाहा ना."

काटा खरंच वेग दाखवत होता. नानाजींनी काट्याकडे पाहिलं, मग काठाकडे. "पन थे मोहाचं झाड कवाचं तिथंच हाय."

गुणवंतरावांनीही झाडाकडे पाहिलं. झाड जागचं हलत नव्हतं आणि काटा वेग सांगत होता. दोघांपैकी एक खोटं होतं, आणि काट्याला डाग त्यांनी स्वतःच्या हातानं दिला होता. त्यांनी बराच विचार केला. "म्हणजे असं आहे, बोट पुढं चालून राह्यली, पण खालचं पाणी तिले मागं ओढून राह्यलं."

"माय वो! भोवरा?" चंदाबाई म्हणाल्या.

भोवरा हा शब्द गुणवंतरावांचा नव्हता, पण त्यांनी तो नाकारला नाही. तेवढ्यात खोलीचा काटा थरथरला आणि तीसवरून थेट नव्वदवर गेला.

मग कोणाचंच भान राहिलं नाही. नानाजींनी फोन काढून गावच्या सरपंचाला लावला. "आमी बुडून राह्यलो जी! चार जन! भोवऱ्यात सापडलो! नव्वद फूट पानी हाय!" चंदाबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव सुरू केलं, ते पाव तास थांबलं नाही. "वजन कमी करा!" गुणवंतराव ओरडले, आणि बोटीत सगळ्यात जड काय आहे ते बघून दोघा व्याह्यांनी मिळून मटणाचा गंज उचलला आणि पाण्यात टाकला.

डुबुक असा आवाज व्हायला हवा होता. थप्प असा झाला.

चौघांनी वाकून पाहिलं. नव्वद फूट पाण्यात गंज आपल्या बुडावर सरळ उभा होता. झाकणाला पाणीसुद्धा लागलं नव्हतं.

"अजी," गुणाबाई म्हणाल्या, "गंज बुडला नाई."

"तरंगून राह्यला असन."

"मटनानं भरलेला गंज तरंगते?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी लुगडं खोचलं आणि एक पाय बोटीबाहेर टाकला. मग दुसरा टाकला. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. त्यांनी गंज उचलला, झाकण उघडून आत पाहिलं आणि चंदाबाईंना सांगितलं, "रस्सा वाचला. उतरा इहीणबाई."

गुणवंतरावांना हसू आलं असतं तर बरं झालं असतं. कोणीच हसलं नाही. त्यांनी हळूच दोन्ही मीटरांची बटणं बंद केली. नानाजी आता काय बोलतील आणि ते सिंदेवाहीत किती वर्षं पुरेल, याचा ते विचार करत होते.

पण नानाजी काठाकडे बघत होते. काठावर जीप आली होती, तिच्यामागे ॲम्बुलन्स. दोर, बांबू, ट्रॅक्टरच्या ट्यूबा घेऊन अर्धं गाव धावत येत होतं.

"इवाईबुवा, मी नव्वद फूट म्हनलो जी," नानाजी बारीक आवाजात म्हणाले.

"माह्याच मीटरनं सांगितलं तुमाले."

दोघं बोटीतून उतरून उभे राहिले. पाणी नडगीवर खेळत होतं. एकाएकी नानाजी म्हणाले, "बसा."

"कुठी?"

"पान्यात. लवकर!"

दोघं बसले. पाणी पोटापर्यंतच आलं. मग पाय पसरून, मागं रेलून, त्यांनी कशीबशी मान तेवढी वर ठेवली. "तुमी बी बसा ना!" गुणवंतराव बायकांना म्हणाले.

"माहं लुगडं नवं हाय," चंदाबाई म्हणाल्या. दोघींनी मधे गंज धरला आणि ताठ मानेनं काठाकडे चालायला लागल्या.

समोरून इसरू कमरेत ट्यूब अडकवून धावत येत होता. तलावात मासे धरणारा तगडा गडी. पाणी काही वर चढेना, तसा तो धावायचं सोडून चालायला लागला, आणि जवळ येईपर्यंत त्यानं ट्यूब काढून खांद्यावर घेतली होती.

"भाऊ, बुडनारे कुठी हायेत?"

नानाजींनी मान पाण्यात आणखी खाली घातली. त्यांचा चेहरा गुणवंतरावांनी पाहिला. इतका शरमलेला माणूस त्यांनी आरशाबाहेर पाहिला नव्हता. ते म्हणाले, "आमीच. चूक माही आहे, इसरू. यांची काई नाई."

इसरूनं वळून काठाकडे पाहिलं. ॲम्बुलन्समधले लोक स्ट्रेचर काढत होते. शाळेतली पोरं बांधावर चढली होती. त्यानं ट्यूब पाण्यात टाकली.

"लोकं लय दुरून आले जी," तो म्हणाला. "धरा. वढून तरी नेतो."

दोन्ही व्याह्यांनी ट्यूब धरली. इसरू दोर खांद्यावर घेऊन, खूप जोर लागतोय असं दाखवत ओढायला लागला. काठावरून टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

"इवाईबुवा," नानाजी कानाशी कुजबुजले, "पाय वर घ्या जी. चिखलाले लागून राह्यले, काठावरून दिसते."

गुणवंतरावांनी पाय वर घेतले.