अकरा सेकंदांचा नफा

मागून हॉर्न वाजवला की पुढचा लाल दिवा लवकर हिरवा होतो, हे सोलापुरात सर्वमान्य आहे. गेल्या मंगळवारी सात रस्त्याच्या सिग्नलवर असा एक हॉर्न वाजला. वाजवणाऱ्याचा अपेक्षित नफा : अकरा सेकंद.

तो ऐकून पुढच्या पांढऱ्या जीपमधून एक गृहस्थ उतरले. काचेवर ‘दिपकशेठ, करमाळा’ असं लिहिलेलं असल्यामुळे ओळख करून घ्यावी लागली नाही. जीपच्या लगेच मागे गुरुसिद्धप्पांची स्कूटर होती. तिचा हॉर्न दिवाळीपासून बंद आहे (दुरुस्ती विचाराधीन). मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी गौरम्मा. त्या दिवशी त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर होता. दवाखान्याची खिडकी साडेदहाला बंद होते आणि नंबर हुकला की पुढचा तीन आठवड्यांनी मिळतो. घड्याळात सव्वादहा.

गुरुसिद्धप्पा निवृत्त कारकून, म्हणजे गाफील नव्हते. रस्ता सुरक्षा सप्ताहात ‘संतप्त वाहनचालकासमोर घ्यावयाची दक्षता’ हे पत्रक त्यांनी घेतलं होतं आणि वाचलंही होतं (वाटलेल्या चारशे प्रतींपैकी ही एकमेव नोंद). नजरेला नजर देऊ नये. प्रत्युत्तर करू नये. मनात दहा आकडे मोजावेत. गाडीवरून उतरू नये.

“हॉर्न कुणाला मारतो रं?” दिपकशेठ म्हणाले.

अनुपालन झाले.

“मला वळखतो का?”

अनुपालन झाले.

इथे पत्रकातली उणीव उघड झाली. ‘मला ओळखतो का’ला ‘तू मला ओळखतो का’ असं उत्तर आल्याशिवाय आपल्याकडे भांडण पुढच्या टप्प्यावर, म्हणजे लोकांनी सोडवण्याच्या टप्प्यावर, जात नाही. उत्तर न घेता जीपमध्ये बसणं म्हणजे माघार, आणि ती करमाळ्यापर्यंत कळते. सबब दिपकशेठ अडकले. जमलेले चाळीस लोक (पैकी सोडवण्याचा अनुभव असलेले सहा) अडकले. पुढे जीप, मागे रांग, त्यामुळे स्कूटरही अडकली.

“काका, बोला की कायतरी,” सरबतवाला म्हणाला. “माणूस कवाधरनं उन्हात उबा हाय.”

“मी काय भिताडासंगं बोलतोय व्हय?” दिपकशेठ रडवेले झाले.

गुरुसिद्धप्पा डांबराकडे बघत सातव्यांदा दहा मोजत होते. दहा वाजून चोवीस मिनिटं.

“अहो, माजा नंबर,” गौरम्मा म्हणाल्या. “एक शिवी द्या की तेला. लई मोठी नको.”

“पत्रकात नाही.”

“मग मीच देते.”

दिली. कानडीत, मध्यम आकाराची.

दिपकशेठांचा चेहरा उजळला. “हां, आता कसं!”

सहा अनुभवी लोक तात्काळ पुढे झाले. त्यांनी दिपकशेठांना धरलं, गुरुसिद्धप्पांनाही धरलं (कशासाठी, हे कुणी विचारलं नाही) आणि पाच मिनिटांत मिटवलं. “मावशी, जपून जावा,” म्हणत दिपकशेठ गेले.

दवाखान्यात पोचले तेव्हा दहा छत्तीस. खिडकी बंद.

हिशोब असा. दिपकशेठ : अब्रू शाबूत. गुरुसिद्धप्पा : अंगावर ओरखडा नाही, पत्रक यशस्वी. गौरम्मा : तीन आठवडे तांदळातले खडे बोटांनी चाचपायचे आणि दारात आलेला माणूस आवाजावरून ओळखायचा.

ज्या गाडीने हॉर्न दिला ती मघाशीच डावीकडून, फुटपाथवरून निघून गेली होती. चालवणाऱ्याला गौरम्मांनी ओझरतं पाहिलं. नजर अधू असल्याने त्या शपथेवर सांगत नाहीत, पण साधारण तुमच्यासारखा दिसत होता म्हणतात.

खर्च गौरम्मांच्याच नावे टाकला आहे. त्या अकरा सेकंदांचं तुम्ही काय केलंत, तेवढं कळवा.