वळायला जागा

भुजंगनं ट्रॅक्टर रस्त्यातच उभा केला, खाली उडी मारली आणि गुरुपादप्पांचे पायच धरले.

"मामा, तुमच्या रानात नांगर घाल म्हणून सांगू नका. माझी लेकरं लहान हायेत."

"आरं, नांगरायला बोलावलंय तुला, लढाईला न्हाई."

"नांगराचं काई न्हाई ओ, वळायचं हाय ना! तुमचं रान लांबच्या लांब आन चिंचोळं. त्या टोकाला मोठा ट्रॅक्टर वळवायचा म्हनलं की अर्धा सिद्रामप्पांच्या रानात जातोय. आन ते धुऱ्यावर काठी घेऊन उभे. बोलत न्हाईत, शिव्या देत न्हाईत. नुस्तं बगतेत!"

ते बघणं गुरुपादप्पांनाही माहीत होतं. सिद्रामप्पा म्हणजे त्यांचे थोरले चुलतभाऊ. आजोबांच्या एकाच रानाचे दोन तुकडे झाले, मधे धुरा, म्हणजे बांध, पडला आणि दोघं दोन बाजूंना झाले. सिद्रामप्पांनी तरुणपणी मुखेडच्या जत्रेत कुस्त्या मारलेल्या. गावातली बाकीची भाऊबंदकी अधूनमधून पोलिसांत, कोर्टात जाऊन मोकळी व्हायची. यांच्यात मात्र कधी चकार शब्दानं भांडण झालं नव्हतं, आणि गुरुपादप्पांना धास्ती होती ती नेमकी त्याचीच. इतकी वर्षं तुंबलेलं भांडण फुटलं तर काय काय वाहून जाईल, या विचारानं त्यांना जेवण गोड लागत नसे.

तसे गुरुपादप्पा मुळातच भित्रे. एसटीत ते दारापाशी बसत आणि घरात दारापासून लांब. पण यंदा भीती बाजूला ठेवण्याची वेळ आली होती. पावसानं दगा दिला होता, सोयाबीन उभं जळालं होतं. वैरण संपली म्हणून बैलजोडी हिमायतनगरला बहिणीकडं धाडली होती. उन्हाळ्याआधी नांगरट झाली नाही तर पुढचा पाऊस पडूनही पेरता येणार नव्हतं, आणि दुसरं वर्ष रान पडीक म्हणजे घरातली कणगीही पडीक.

"मग आपलाच लहान ट्रॅक्टर घ्या की," नीलाबाई म्हणाल्या. "पोरगा पुण्याहून मदत करतो म्हनून राहिलाय. आपल्याच रानात वळंल असला बघा. आन जरा दमदार बघा, पाण्याचं टिपाड बी आणता येईल. टँकरपाशी भांडून भांडून माझा गळा बसलाय."

गुरुपादप्पांना ते पटलं. त्यांनी एकच अट घातली, ट्रॅक्टर दारात येईपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही. नजर लागते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सिद्रामप्पा झोपलेले असतील असा अंदाज बांधून गुरुपादप्पा बैलांचा रिकामा कासरा घेऊन रानात गेले. टोकाला मेख ठोकली, कासऱ्याचं एक टोक तिला बांधलं आणि धुऱ्याला चाक न लागता केवढा गोल वळसा बसतो ते पाहू लागले. बसला तिथं कासऱ्याला गाठ मारायला ते वाकले, तेव्हा ढेकळांवर एक लांब सावली पडली.

"काय करून राहिलास गुरप्पा?"

गुरुपादप्पांच्या हातातली गाठ सुटली. "काई न्हाई आण्णा. कासरा... वाळवून राहिलो."

सिद्रामप्पांनी वर आभाळाकडं पाहिलं. तिथं कित्येक महिन्यांत ढग फिरकला नव्हता. "वाळवून? भिजला कवा?"

गुरुपादप्पांनी मेख उपटली आणि "शरणार्थ, आण्णा," असा नमस्कार करत जवळजवळ पळतच घर गाठलं.

त्या दिवसांत उदगीरचा जिल्हा होणार अशी हवा होती. दर सव्वीस जानेवारीच्या आधी ही हवा सुटायचीच, पण यंदा जरा जोरात होती. आपण नांदेडातून उदगीरला जाणार, सगळी हापिसं जवळ येणार, असं पारावर ठरूनही गेलं होतं. टँकरच्या रांगेत सिद्रामप्पांची बायको सिद्धम्मा नीलाबाईंना चिकटली.

"नीला, तुमच्याकडं मोजणी हाय म्हनं? उदगीर जिल्हा झाला की मोजणीवाले जवळच येतेत. भावजी रानात दोरी लावून बसले होते म्हनं."

नीलाबाईंच्या तोंडावर आलं होतं, मोजणी कसली, ट्रॅक्टर घेऊन राहिलोय. पण नवऱ्याची अट आठवली. त्यांनी घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "सध्या काई बोलता येत न्हाई, वैनी."

झालं. त्या संध्याकाळपासून सिद्रामप्पा दोन्ही वेळ धुऱ्यावर येऊन उभे राहू लागले. काठी होतीच. दोन दिवसांनी त्यांनी कोपऱ्यात दगडांची रास रचली. गुरुपादप्पांनी ती लांबून पाहिली आणि ते दगड कुणाच्या डोक्यासाठी आहेत हे विचारायचीही हिंमत झाली नाही. त्यांनी एवढंच केलं, की मेख धुऱ्यापासून आणखी आत ठोकली आणि कासऱ्याची गाठ आणखी अलीकडं घेतली. चार दिवसांनी आणखी अलीकडं. ट्रॅक्टर अजून घेतलाही नव्हता आणि तो रोज लहान होत चालला होता.

शेवटी कासरा पिशवीत घालून ते उदगीरला गेले. ट्रॅक्टरच्या दुकानातले आप्पासाहेब उत्साही गृहस्थ होते.

"जमीन कशी हाय, मामा?"

"काळी."

"भारी?"

"लई भारी. पाऊस न्हाई तर निस्ता दगड."

"मग हा मधला घ्या. चाकं रुंद, वजन चांगलं, नांगर वढंल. पाण्याचं टिपाड म्हनाल तर चार टाका मागं."

नीलाबाईंनी सांगितलं होतं ते अगदी हेच. गुरुपादप्पांना ट्रॅक्टर मनापासून आवडला. त्यांनी त्याच्या नाकावरून हातही फिरवला. पण मग पिशवीतून कासरा काढला आणि अंगणात मेख कुठं ठोकता येईल ते विचारलं. आप्पासाहेबांनी पुष्कळ प्रकारची गिऱ्हाइकं पाहिली होती, कासरा घेऊन आलेलं पहिलंच. तरी त्यांनी ट्रॅक्टर गोल फिरवून दाखवला. मागचं चाक गाठीच्या हातभर बाहेर गेलं.

"हातभरानं काय व्हतंय, मामा?"

"आमच्याकडं हातभरानं लई काई व्हतंय," गुरुपादप्पा म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांना रस्त्यापलीकडं, चहाच्या गाड्यापाशी, काठी टेकून उभे असलेले सिद्रामप्पा दिसले. इथंही! उदगीरपर्यंत!

"ह्याच्याहून लहान दाखवा," ते घाईघाईनं म्हणाले.

लहान दाखवला. तो गाठीवर आला, पण अगदी गाठीवर.

"ह्याच्याहून लहान?"

"ह्याच्याहून लहान मग हा कोपऱ्यातला. पन खरं सांगतो, हा द्राक्षाच्या बागेत फिरवायचा हाय. फवारणी, डवरणी, असली हलकी कामं. तुमच्या भारी रानात नांगरट ह्याच्यानं व्हायची न्हाई."

"वळतो का?"

"जागच्या जागी वळतो."

"मग बांधून द्या," गुरुपादप्पा म्हणाले, आणि मागच्या दारानं बाहेर जाता येईल का ते विचारलं.

ट्रॅक्टर आला तो येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी. टेम्पोतून तो खाली उतरला तेव्हा नीलाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी ट्रॅक्टरकडं पाहिलं, मग टेम्पोत आणखी काही यायचं राहिलंय का ते पाहिलं.

"एवढाच?"

"वळतो लई झ्याक," गुरुपादप्पा पुटपुटले.

"ह्याला दूध पाजून मोठा करायचाय का? टिपाड वढंल का ह्यो?"

"अर्धं भरलं तर वढंल."

नीलाबाईंनी ओवाळलं, पण चेहऱ्यावर पूजेचं समाधान नव्हतं.

येळवसेला सगळं गाव रानात असतं. यंदा कडब्याला हात लावायची सोय नव्हती म्हणून पूजेची झोपडी, म्हणजे कोप, तुराट्यांची झाली, भज्जीत भाज्या कमी आणि पाणी जास्त झालं, पण आंबिलीचं मडकं मात्र भरलेलं होतं. कोपीत मांडलेल्या दगडांच्या पांडवांची पूजा झाली आणि चर शिंपायची वेळ आली. घरच्या कर्त्यानं आंबिलीचं मडकं घेऊन आपल्या रानाच्या कडेकडेनं फिरायचं, आंबील शिंपडत हद्द पुरी करायची, हा इथला रिवाज. शिंपलेल्या चरीच्या आतलं ते आपलं रान. काळी आई तेवढंच पदरात घेते.

धुऱ्यावर सिद्रामप्पांची गाठ पडू नये म्हणून गुरुपादप्पा दरवर्षीपेक्षा लवकर निघाले. गुरुपादप्पांची गाठ पडू नये म्हणून सिद्रामप्पाही दरवर्षीपेक्षा लवकर निघाले. त्यामुळं धुऱ्याच्या टोकाला दोघं एकदमच पोचले.

गुरुपादप्पांना काठी दिसली. ते एका सरीएवढे आत सरकले आणि तिथून शिंपू लागले. पलीकडं सिद्रामप्पाही आत सरकले. गुरुपादप्पांना वाटलं, हा मागं सरतोय म्हणजे धावून यायला जागा घेतोय! ते आणखी आत गेले. सिद्रामप्पाही गेले. मागून येणाऱ्या बायका आणि पाहुणे कर्त्यामागं मुकाट्यानं आत सरकत होते. धुरा संपला तेव्हा दोन चरींच्या मधे एवढं रान कोरडं राहिलं होतं, की तिथं लग्नाचा मांडव बसला असता.

"आवो, हे काय केलं?" नीलाबाई मागून कुजबुजल्या.

"जीव वाचवला," गुरुपादप्पा म्हणाले.

पण येळवसेला शेजाऱ्याला जेवायला हाक मारल्याशिवाय घास घ्यायचा नसतो. ती हाक नीलाबाईंनी मारली. "भावजी, वैनी, या जेवायला!"

आणि सिद्रामप्पा आले. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत कोपीत आले, बसताना "आई गं" म्हणून कण्हले. गुरुपादप्पांनी आंबिलीचा पेला पुढं केला. त्यातली निम्मी आंबील वाटेतच जमिनीला मिळाली. सिद्रामप्पांनी पेला घेतला, तेव्हा उरलेली निम्मी त्यांच्या हातून सांडली.

"गुरप्पा," ते घसा खाकरून म्हणाले, "शिवाची आण हाय, खरं सांग. मोजणी कवा हाय?"

"कसली मोजणी, आण्णा?"

"तू दोरी लावली. बायको बोलत न्हाई तुझी. पिशवी घेऊन उदगीरला गेलास. मी मागनं आलो बघायला, तर मला चुकवायला ट्रॅक्टरच्या दुकानात शिरून मागच्या दारानं पळालास. वकिलाकडं गेल्ता ना?"

गुरुपादप्पांनी कोपीबाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडं बोट दाखवलं. सिद्रामप्पांनी तो आत्ता पाहिला. बराच वेळ पाहिला.

"ह्याच्यासाठी?"

"तुमच्या रानात चाक जाऊ ने म्हून. तुमी काठी घेऊन उभे ऱ्हाता, आण्णा. दगडाची रास केली. माझ्या जिवात जीव न्हाई."

"आरं, गुडघा गेलाय माझा! काठीबगर उभा ऱ्हाता येत न्हाई. आन दगड केले धुऱ्याची खूण म्हून, मोजणीवाल्याला दाखवायला." सिद्रामप्पांचा आवाज एकदम खाली आला. "भ्या तर मला वाटतं तुझं."

"माझं?"

"तू लई गप ऱ्हातोस, गुरप्पा. भांडणारा माणूस कळतो. गप माणूस सरळ कोर्टात दिसतो. आता तुला काय सांगू, मी बी ट्रॅक्टर घ्यायच्याच इचारात व्हतो. चाक तुझ्यात जाऊ ने म्हून त्या दिवशी येताना उदगीरात लहानच सांगून आलो. उद्या येतोय."

"केवढा?"

सिद्रामप्पांनी मान खाली घातली. "ह्याच्याएवढाच. द्राक्षवाला."

आपल्यालाही कुणीतरी भितं, हे गुरुपादप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ते जरा ताठ बसले. मग आपल्याला ताठ बसलेलं पाहून आण्णांना राग येईल असं वाटून पुन्हा वाकले. पण छातीवरचा भार उतरला होता. दोघंही हसले, आधी चाचरत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मधली पट्टी तुमचीच समजा, आण्णा."

"छ्या! तू आधी आत सरकलास."

"कुणाची बी न्हाई!" सिद्धम्मा कडाडल्या. "आपल्या हातानं चर आतून शिंपलीत ना? सगळ्या शिवारानं बघितलंय. काळ्या आईसमोर सोडलेल्या रानात फाळ घालायचं धाडस हाय का कुणाला?"

धाडस हा शब्द ऐकताच दोघांनीही पट्टीचा नाद सोडला. पुढच्या येळवसेला चर नीट शिंपू आणि मग बघू, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही लहान ट्रॅक्टरांनी धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना नांगरट सुरू केली. दिवसभरात कोंबडीनं उकरावं एवढं रान उकरलं गेलं. नीलाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा गुरुपादप्पांना कळलं की आता घाबरायला दुसरं माणूस मिळालं. त्यांनी निमूटपणे भुजंगला निरोप धाडला.

भुजंग आला, बिचकत रानाच्या टोकापर्यंत गेला आणि चकित होऊन थांबला. दोन्ही चरींच्या मधे ऐसपैस मोकळी पट्टी पडली होती. नांगर वर उचलायचा आणि आरामात वळायचं, कुणाच्याही रानात चाक जायचा प्रश्नच नव्हता.

"मामा, एवढी जागा असली तर मी सगळ्या शिवाराची नांगरट करीन की!" तो वरून ओरडला. "फक्त पट्टीत ते दोन बारके ट्रॅक्टर उभे केलेत ना, ते तेवढे काढा. माझ्या चाकाखाली येतील."

गुरुपादप्पा आणि सिद्रामप्पा दोघंही धावले, आणि "आधी तुमचा काढा, आण्णा," "न्हाई, तुझा आधी," म्हणत कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले.