चौगुले सरांचं ब्लडप्रेशर

चौगुले सर भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, दंडाला पट्टा गुंडाळतात. ब्लडप्रेशरचा.

आमच्या कोल्हापुरातल्या हॉस्पिटलात ते इमर्जन्सी विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर. अपघात, सर्पदंश यांच्या धावपळीचा डॉक्टरांच्याच तब्येतीवर काय परिणाम होतो, यावर सरांचं संशोधन चाललंय. एखादा गंभीर पेशंट वॉर्डात हलवला, की सर माझ्यापुढं हजर. "माने, हात पुढं कर की!" आमच्या भूलतज्ज्ञाचं तर त्यांनी बोहल्यावर चढायच्या आधी प्रेशर घेतलं. "एकशे साठ! मुंडावळ्या राहू दे, आधी खाली बस."

स्वतःचं मात्र घेऊ द्यायचे नाहीत. "मी संशोधक हाय, नमुना न्हाय."

"नमुना तर हायसाच की," फरझाना सिस्टर हळूच म्हणायच्या.

गेल्या महिन्यात एका दुपारी संशोधनाचा माझा फॉर्म भरून घेता घेता सर एकदम खुर्चीत टेकले. कपाळावर घाम, हात जबड्यावर.

"पित्त हाय. मिसळीचं."

"कुठली मिसळ? सकाळपासनं नुसत्या चहावर हायसा," म्हणत सिस्टरांनी त्यांच्या शर्टाची बटणं सोडली.

"अहो, माझं संमतिपत्र?"

"नंतर भरू."

ईसीजीचा कागद बाहेर आला. सरांनी तो ओढून घेतला. "कुणाचा हाय ह्यो? ह्याला आत्ताच्या आत्ता अँजिओप्लास्टीला न्या!"

"तुमचाच आहे, सर."

सरांनी कागद खाली ठेवला आणि दंड पुढं केला.

ब्लॉक वेळेत निघाला. हृदयरोगतज्ज्ञ बाहेर येऊन "वाचले" म्हणाले, तेव्हा सिस्टर जिन्याच्या पायरीवर बसून हसत सुटल्या. मीही हसले, डोळे दोघींचे वाहत होते.

तिसऱ्या दिवशी सरांनी पलंगावरनंच फॉर्म मागवला. "घे लिहून. मी बी ड्युटीवरचाच डॉक्टर."

शेवटचा प्रश्न त्यांनीच घातलेला: ड्युटीनंतर घरी कुणाशी बोलता?

सर चादरीच्या कडेला घडी घालू लागले. "बायको गेल्यापासनं घरात कोण न्हाय. बरं होऊन गेलेल्या पेशंटांना फोन लावतो. गोळ्या घेतल्या का, इचारतो. राधानगरीच्या एक आजी हायत, अर्धा तास सोडत न्हाईत."

"त्यांना कळवू का?"

"नको, घाबरतील. फोन तेवढा दे. वाट बघत असतील."

मी नंबर लावून दिला. आजींचा आवाज मला पलंगाशेजारीही ऐकू आला, "डाक्टर, कुठं हुतासा? तीन दिस झालं! जेवलासा का?"

"व्हय, जेवलो की," सर म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडं तोंड वळवलं.